छोटा हत्ती म्हातारा झालेला नाही


बोलेरो पिकअपपुढे ‘छोट्या हत्ती’ला, म्हणजे टाटा एसला, मोडीत काढणारे पत्र वाचले. पत्रलेखकांनी भिवंडीतला माल हायवेवरूनच पाहिलेला दिसतो.

काल्हेर-काशेळीच्या गोदामांतून निघणाऱ्या खोक्यांसाठी पिकअप उत्तम, याबद्दल वाद नाही. 1.7 टनाच्या मॉडेलला 9 फुटी हौदा मिळतो, दोन फेऱ्यांचे काम एकाच फेरीत होते. पण आम्हा यंत्रमागवाल्यांना सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधून सुताने भरलेला बीम उचलून कारखान्याच्या दारात न्यायचा असतो, ते दार गल्लीत असते आणि गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या. माझ्या ड्रायव्हरने एकदा हट्टाने पिकअप आत घातली. एक आरसा आणि शेजाऱ्याची पन्हळ, दोन्हींचा खर्च मी भरला. तेव्हापासून गल्लीत टाटा एसच जाते. 2005 साली आली तेव्हा दोन सिलिंडरचे इंजिन पाहून आम्हीही हसलो होतो.

आणखी एक. पिकअप भरलेली असताना शहाण्यासारखी चालते, रिकामी झाली की मागचे पाटे खड्ड्याखड्ड्याला उडवतात. अंजूरफाट्यापर्यंत चहा पोटात राहत नाही.

‘रविवारी हौद्यात सतरंजी टाकून कुटुंबाला वज्रेश्वरीला न्या’ हा त्या पत्रातला सल्ला तर छापायलाच नको होता. पिवळ्या पाटीच्या मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आहे. आमच्या घरची मंडळी देवाला जुन्या वॅगनआरने जातात. एसी चालत नाही, पण पाठ शाबूत राहते.

– एक यंत्रमागधारक, भिवंडी