ओसरी कशी नाचेल?

तिसरी-चौथींतील मुलांच्या कवितेच्या अभ्यासासंबंधीं आमच्याकडे वाचकभगिनींचीं पत्रें वरचेवर येतात, आणि बहुतेक पत्रांतील तक्रार एकच असते. मुलाला पुस्तकांतील सर्व कविता पाठ येतात, मार्गदर्शकांतील सारांशही तो घडाघडा म्हणून दाखवितो. परंतु न शिकविलेली चार ओळींची कविता पुढें ठेवली कीं तो गप्प बसतो. मुलगा मंद आहे काय, असाही प्रश्न कोणी कोणी विचारतात. आमच्या मतें मुलगा मंद नसतो. शिकविण्याचा क्रम उलटा असतो. आधीं पाठांतर, मग अर्थ, मग अलंकाराचें नांव, अशा या शिस्तींत मुलाच्या कानाला कांहीं काम उरत नाहीं, आणि त्याच्या शंकेला तर जागाच राहत नाहीं.

उदाहरणादाखल एक लहानसें कडवें घेऊं. तें आम्हींच जुळविलें आहे. त्यांत काव्यगुण शोधण्याचे श्रम वाचकांनीं घेऊं नयेत.

अंगणीं पाऊस । वाजवी टिपरी ।
नाचते ओसरी । बाळासंगे ॥

हें कडवें मुलाला दोन-तीन वेळां म्हणून दाखवावें आणि अर्थाविषयीं अवाक्षरही काढूं नये. मग त्याला प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवावयास सांगावें, किंवा बोटें मोडावयास सांगावें. सहा, सहा, सहा आणि शेवटीं चार, हा हिशेब तो आपण होऊन सांगेल. जोडाक्षर आलें तर तें एकच मोजावयाचें, एवढीच सूचना पुरे. कोणत्या दोन तुकड्यांचे शेवट सारखे वाजतात, असें विचारल्यावर दुसरा आणि तिसरा हेंही त्याच्या ध्यानांत येईल. इतकें झाल्यावर त्याला सांगावें कीं, हीच बांधणी तुकोबांच्या मोठ्या अभंगाची. आजी पहांटे जें गुणगुणते तेंही याच मापाचें. सतराव्या शतकांतील देहूच्या वाण्याचें माप आपल्या बोटांवर बसलें, याचें मुलाला फार अप्रूप वाटतें.

याच्याही पुढें जाऊन कडवें मुद्दाम बिघडवून पाहावें. ‘ओसरी’च्या जागीं ‘पडवी’ घाला. अक्षरें सहाच राहतात, तरी मूल तोंड वाकडें करील. शेवटीं ‘बाळासंगे’ऐवजीं ‘आमुच्या बाळासंगे’ म्हणा. तें लगेच हसेल. पहिल्या वेळीं यमक मोडलें आणि दुसऱ्या वेळीं शेवटचा आंखूड तुकडा लांबला, हें त्याला शब्दांत सांगतां येणार नाहीं कदाचित्. पण काय बिघडलें हें त्याच्या कानाला कळलें. त्या आंखूड तुकड्यावर आवाज टेकतो आणि कडवें मिटतें. रचनेचा धडा तो हाच. दुरुस्त केलेलें कडवें दाखवून जें शिकवितां येत नाहीं, तें बिघडविलेलें कडवें क्षणांत शिकवितें.

अभंगांत व ओवींत लघुगुरूंचा जाच नाहीं, म्हणून आरंभ तेथून करावा. गणवृत्ताची गोडी लावावयाची असेल तर मनाचे श्लोक घ्यावेत. ते २०५ आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांतील दहापांच तरी मुलांच्या कानांवरून गेलेले असतात. प्रत्येक चरणांत बारा अक्षरें. त्यांची चाल हलकें-जड-जड, हलकें-जड-जड, अशी चार वेळां. हलक्या अक्षराला एक बोट टेकावें, जड अक्षराला मूठ. दोन श्लोक असे वाजविले कीं या वृत्ताला भुजंगप्रयात, म्हणजे सर्पाची गति, असें कां म्हणतात तें मुलाच्या हातालाच उमगतें. गणांचीं नांवें आणि ‘यमाताराजभानसलगं’ चे मंत्र पुढच्या इयत्तांसाठीं ठेवावेत. माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ घरांत जरूर असावी. पण ती वडिलांच्या कपाटांत.

आतां अलंकाराकडे वळूं. खरी अडचण येथें आहे. वरील कडवें ऐकून एखादें चौकस मूल विचारील, “ओसरी कशी नाचेल?” यावर आपण काय उत्तर देतों? “अरे, कवितेंत तसें म्हणावयाचें असतें,” हें आपलें ठरलेलें उत्तर. फार शिकलेल्या घरांत “याला चेतनगुणोक्ति म्हणतात” असें सांगतात. दोन्ही उत्तरांनीं मुलाचें तोंड बंद होतें. वास्तविक ओसरी नाचत नाहीं, हें ज्याच्या लक्षांत आलें त्यानेंच कवितेच्या दारांत पहिलें पाऊल टाकिलें. ज्याला ती शंकाच आली नाहीं त्यानें शब्द नुसते गिळले.

१९७६ सालीं एलन विनर, अ‍ॅन रोझेन्स्टील व हॉवर्ड गार्डनर या अमेरिकेंतील तिघां मानसशास्त्रज्ञांनीं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना अशींच कांहीं वाक्यें देऊन त्यांचा अर्थ विचारला. ‘तुरुंगाचा पहारेकरी कठीण खडक बनला’ अशा अर्थाचें त्यांतील एक वाक्य होतें. अगदीं लहानांच्या मतें जादूनें तो खरोखरीच खडक झाला, किंवा तो दगडी भिंतींच्या तुरुंगांत कामाला होता. त्याहून मोठ्यांना त्याचें अंग दगडासारखें टणक वाटलें. त्याचें मन निष्ठुर झालें, हें उत्तर साधारणपणें दहाव्या वर्षापुढें येऊं लागलें. यावरून आम्ही एवढेंच घेतों कीं, डोळ्यांना दिसणारें व कानांना ऐकूं येणारें साम्य मुलाला आधीं कळतें आणि मनाचें साम्य मागाहून. आठ वर्षांच्या मुलापुढें आधीं टिपरीसारखा वाजणारा पाऊस ठेवावा, आसवें ढाळणारें नशीब ठेवूं नये.

मग “ओसरी कशी नाचेल?” या प्रश्नाचें करावयाचें काय? तो परत मुलाच्याच हवालीं करावा. “खरेंच, कशी नाचेल बरें?” कोणी म्हणेल, फरशीवर पागोळ्यांचे थेंब उडतात म्हणून. कोणी म्हणेल, बाळ उड्या मारीत आहे, त्याला सगळेंच हलतांना दिसतें. दोन्ही उत्तरें ठेवून घ्यावींत. त्यांतील खरें कोणतें, याचा निवाडा करण्याची घाई नको. आणि येथेंही बिघडविण्याची युक्ति उपयोगी पडते. ‘वाजवी टिपरी’च्या जागीं ‘पडतो जोरानें’ म्हणा. अक्षरें सहाच, गोष्टही खरी; पण पावसाचा आवाज निघून गेला. काय गेलें, हें मुलाला विचारा.

अशीं लाक्षणिक वाक्यें तर मूल रोजच बोलत असतें. शाळेंतून आल्यावर पोटांत कावळे ओरडतात, पुन्हां खोडी न करण्याबद्दल कानाला खडा लागतो. एखादे दिवशीं त्याला थांबवून कावळेच कां, चिमण्या कां नाहींत, असें विचारून पाहावें. नंतर त्यानें स्वतः उपमा करावी: कुकरची शिटी कोणासारखी? जिन्यांतला अंधार कशासारखा? मात्र तें जें जें बोलेल त्याला शाबासकी द्यावी, हें आम्हांस मान्य नाहीं. “पाऊस हत्तीसारखा” म्हणालें तर “कशांत सारखा?” एवढें विचारावें. सांगतां आलें तर उपमा झाली. न आलें तर अजून व्हावयाची आहे. साहित्यशास्त्रकारांचे उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द हे चारही अवयव या एका प्रश्नांत सांपडतात. नांवें मागून आलीं तरी बिघडत नाहीं. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं, आणि त्यांतील प्रतिमा शेतांतून व घरकामांतून उचललेल्या आहेत. जात्यावर बसणाऱ्या बायांचेंही तेंच. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून त्यांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतील कोणीही अलंकारांची यादी घोकली नव्हती.

परीक्षेचें काय, असें कोणी विचारील. मार्गदर्शकांतील सारांश न लिहितां स्वतःचें उत्तर लिहिलें म्हणून एखादा गुण गेला, तर तिसरी-चौथींत तो जाऊं द्यावा. “ओसरी नाचत नाहीं” असें प्रामाणिकपणें लिहिणाऱ्या मुलाच्या उत्तरावर फुली पडली आणि घरींही त्याला हसले, तर पुढें तें मूल कवितेविषयीं आपल्याला वाटलें तें न लिहितां अपेक्षित तेंच लिहावयास शिकतें. आणि ती सवय महाविद्यालयापर्यंत टिकते, हें उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणासही विचारून पाहावें.

एवढें झाल्यावर आमच्या कडव्याचीं शेवटचीं चार अक्षरें झांकून तीं मुलाला भरावयास द्यावींत. कोणी ‘आजीसंगे’ घालील. कोणी ‘मांजरासंगे’ म्हणेल, बोटें मोजील, एक बोट जास्त भरलेलें पाहून थबकेल आणि मग आपण होऊनच ‘मनीसंगे’ करील.