सुरकुत्या कुणाच्या, शस्त्रक्रिया कुणासाठी?

मुंबई-पुण्याचे 'फेसलिफ्ट' आता जळगाव-धुळ्याच्या बोलण्यातही आले आहे. सैल पडलेला चेहरा शस्त्रक्रियेने ताणून घ्यायचा आणि दहा वर्षांनी तरुण दिसायचे! श्रीमंतांचे चोचले म्हणून आपण हसतो आणि पान उलटतो. पण हे हसणे महागात पडणारे आहे.

सर्वात लवकर म्हातारा होतो तो चेहरा कुणाचा? उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या पाऱ्यात केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईचा. ऊन कातडीतले लवचीक तंतू तोडते, तंबाखू-मिश्री उरलेले काम करते. चाळिशीतली बाई साठीची दिसते, आणि तिच्या सुरकुत्यांना कुणी आजार म्हणत नाही.

ही विद्या आली कुठून, तेही पाहू. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. कागदोपत्री त्याचे नाव कावसजी. वर्षभराने पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात या शास्त्राला नवा जन्म मिळाला. पुण्याचा तो कारागीर कोण होता? विटा पाडणाऱ्या जातीतला, एवढीच नोंद आहे. बैल हाकणाऱ्याचे नाव छापले गेले, कार्प्यूचे नाव ग्रंथांत गेले, ज्याच्या हातात विद्या होती त्याचे मात्र नाव नाही. सुश्रुताच्या नावाने सभा गाजवणाऱ्यांनाही या माणसाची आठवण क्वचितच होते.

आता फेसलिफ्ट म्हणजे नेमके काय ते समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. जुन्या पद्धतीत कानाजवळ छेद घेऊन फक्त कातडी ओढत. कातडी पुन्हा सैल होई आणि चेहरा ताणलेल्या ढोलासारखा दिसे. १९७६ साली फ्रान्सच्या दोन शल्यविशारदांनी कातडीखालच्या, स्नायूंवरच्या पातळ थराचे नीट वर्णन केले. तेव्हापासून तो थर आवळायचा आणि कातडी वर फक्त अलगद बसवायची, अशी रीत पडली. १९९० साली त्याही खाली जाणारी पद्धत आली. तीत चेहऱ्याला हाडाशी बांधणारे बंध सोडवून थर आणि कातडी एकत्र वर उचलतात. परिणाम जास्त टिकतो असे तिचे समर्थक म्हणतात, पण चेहरा हलवणाऱ्या नसा तिथे अगदी जवळून जातात. चुकीच्या हाताने नस दुखावली तर तोंड वाकडे होते. कातडीखाली रक्त साचणे हा धोका सगळ्याच पद्धतींत असतो, रक्तदाब असलेल्याला अधिक. तंबाखू खाणाऱ्याच्या कानामागची कातडी काळी पडून मरू शकते, म्हणून निदान महिनाभर आधी तंबाखू बंद करावी लागते. उन्हाने आलेले डाग आणि बारीक सुरकुत्या यातून जात नाहीत. दोऱ्याने चेहरा ओढण्याचा जो स्वस्त प्रकार सांगतात, त्याचा परिणाम फार काळ टिकत नाही. आणि प्लास्टिक सर्जरीची पदवी भिंतीवर दिसल्याशिवाय टेबलावर झोपू नये!

पण हीच शस्त्रक्रिया महाराष्ट्रात एकेकाळी वेगळ्याच माणसांसाठी वापरली गेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमधून गिलीज-मॅकिंडो यांच्या हाताखाली शिकून आले. श्रीमंतांचे दवाखाने त्यांना मोकळे होते. त्यांनी कुष्ठरुग्णांचे चेहरे हाती घेतले. कुष्ठरोगात कातडीतले लवचीक तंतू नष्ट होतात. रोग बरा झाला, सूज उतरली की कातडी लोंबते, आणि तिशीचा माणूस म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो. भुवया जातात, नाक बसते. औषधाने जंतू मेले तरी चेहरा गावाला सांगत राहतो, आणि गाव पाणवठ्यावर जागा देत नाही. अशा माणसाची जास्तीची कातडी काढून गाल वर उचलणे म्हणजे त्याला पुन्हा माणसांत आणणे. तिथे फेसलिफ्टला चोचला कोण म्हणेल? अस्पृश्यता काय असते हे ज्यांच्या पूर्वजांनी भोगले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. भाजलेल्यांवरचे उपचार तिच्यात बसतात, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. नियम रास्तच आहे. पण बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णाचा लोंबता चेहरा, स्टोव्हने भाजलेल्या बाईची हनुवटीला चिकटलेली मान, हे सौंदर्य की उपचार, हे ठरवायचे कुणी? अर्ज तपासणाऱ्या टेबलाने?

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी दोन्ही ठिकाणच्या अधिष्ठात्यांना लेखी विचारावे: प्लास्टिक सर्जन आठवड्यातून किती दिवस बसतात? गेल्या वर्षी किती कुष्ठमुक्तांचे, किती भाजलेल्यांचे चेहरे दुरुस्त झाले? सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्याला मुंबईची चिठ्ठी देऊन किती वेळा परत पाठवले? उत्तर आले की या पानाकडे पाठवा, आम्ही आकड्यांसह छापू.