तारीख म्हणजे वजाबाकी नव्हे!

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे.

जपानी क्लायंटच्या जुन्या कोडमध्ये एक ओळ हमखास सापडते: इसवी सनातून १९८८ वजा करा, झालं हेइसेई वर्ष! त्यावर टीममधल्या कुणाची तरी मल्लिनाथी असतेच, "हे लोक सरळ इसवी सन का वापरत नाहीत?"

माझं स्पष्ट मत आहे की इथे चूक जपान्यांची नाही, वजाबाकी करणाऱ्याची आहे.

आपण शके काढताना ७८ वजा करतो, पाडव्याच्या आधी ७९. हे सूत्र चालतं, कारण शके कुणी मध्येच नव्याने १ पासून सुरू करत नाही. जपानमध्ये मात्र सम्राट बदलला की नवं नाव आणि मोजणी पुन्हा १ पासून. या नावाला गेंगो म्हणतात. आणि हा बदल १ जानेवारीचा मुहूर्त बघून होत नाही. ७ जानेवारी १९८९ म्हणजे शोवा ६४ आणि ८ जानेवारी म्हणजे हेइसेई १. शोवा ६४ हे वर्ष जेमतेम सात दिवसांचं! ३० एप्रिल २०१९ ला हेइसेई ३१ होतं, दुसऱ्या दिवशी रेइवा १. त्यातही पहिल्या वर्षाला '१' न लिहिता 'गान्नेन' लिहायची पद्धत आहे. आता करा वजाबाकी.

म्हणजे गेंगो हे सूत्र नाही, तो डेटा आहे. डेटाची जागा तक्त्यात, आणि तो तक्तासुद्धा तुम्ही लिहू नका. जावा, आयसीयू, दॉटनेट यांनी ते काम केलंय. विंडोजमध्ये तर ही यादी रजिस्ट्रीत असते. डेटाबेसमध्ये साधी इसवी तारीख ठेवा, गेंगो फक्त स्क्रीनवर आणि छापताना. उलटं केलं की काय होतं? काही जुन्या सिस्टिम्समध्ये वर्ष शोवाच्या दोन आकड्यांत साठवून मोजणी तशीच पुढे चालू ठेवली होती. २०२५ साली शोवा १०० आलं आणि दोन आकडे संपले.

वाचताना मात्र मन मोठं ठेवा. 'हेइसेई ३३' असं छापलेले जुने कागद लोकांकडे आहेत. ते २०२१ समजून घ्या, माणसाला खोटं पाडू नका. याउलट १८७३ पूर्वी जपानचं कॅलेंडरच वेगळं होतं. तिथली तारीख दिली की जावाचा जॅपनीजडेट क्लास सरळ एक्सेप्शन फेकतो. अंदाजपंचे उत्तर देण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

"पुढचा बदल येईल तेव्हा बघू," असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. २०१९ मध्ये नाव १ एप्रिलला जाहीर झालं आणि १ मेपासून लागू झालं. महिनाभर मिळाला, कारण सम्राट अकिहितो यांनी स्वतःहून पद सोडलं. दोनशे वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. तरी त्या एका अक्षरासाठी युनिकोडला १२.१ ही खास आवृत्ती काढावी लागली, तीही मे उजाडल्यावर! १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो गेले, त्याच दिवशी नवं नाव ठरलं आणि दुसऱ्या दिवशी लागू.

म्हणजे पुढच्या वेळी कदाचित एकच रात्र मिळेल. त्या रात्री तक्त्यात एक ओळ टाकून घरी जायचं, की दहा लाख ओळींत '१९८८' शोधत बसायचं, हे आजच ठरवा.