सुरुवात पहिल्यापासूनच

आज २७ मे. १९८६ मध्ये याच तारखेला एनिक्स या जपानी कंपनीने फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्रासाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्याला आज चाळीस वर्षे पूर्ण झाली. जपानमध्ये हा दिवस ‘ड्रॅगन क्वेस्ट दिन’ म्हणून रीतसर नोंदलेला आहे. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २३ जुलै २०२१ च्या रात्री, देशोदेशीचे खेळाडू मैदानात येऊ लागले तेव्हा सर्वांत आधी वाजली ती याच खेळाची सलामीची धून. तिचे संगीतकार कोइची सुगियामा त्यानंतर दोनच महिन्यांनी, नव्वदीत, गेले. खेळाचे चित्रकार अकिरा तोरियामा २०२४ च्या मार्चमध्ये गेले. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहिले, त्याचे जनक हेच तोरियामा. ज्या मुलांनी त्यातला गोकू वहीच्या शेवटच्या पानावर काढला, त्यांना याच हाताने घडवलेले दुसरे विश्व मात्र सहसा माहीत नसते.

आता ते माहीत होऊ लागले आहे. पूर्वी या मालिकेसाठी परदेशातून यंत्र आणि कार्ट्रिज मागवावे लागे. आज तिचे बरेचसे भाग फोनवर चालतात. शाळा-कॉलेजे उघडायला अजून अवकाश आहे, आणि ज्याला हे जग पाहायचे आहे त्याच्यापुढे पहिल्याच पावलाला एक प्रश्न उभा राहतो. मुख्य मालिकेत अकरा भाग आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्या आहेत. बाराव्याची घोषणा २०२१ मध्येच झाली आहे. मग सुरुवात कुठून करायची?

या प्रश्नाला ठरलेली उत्तरे आहेत. कुणी सांगतो अकरावा घ्या, तो सर्वांत देखणा आहे. कुणी आठवा सांगतो. कुणी म्हणतो की गोष्टी स्वतंत्रच आहेत, कुठूनही उचला. यातले एकही उत्तर खोटे नाही. तरीही आमचे मत वेगळे आहे. सुरुवात पहिल्या भागापासून करावी, आणि तीही त्याच्या लहान, जुन्या वळणाच्या रूपातून.

हे मत जुन्याच्या प्रेमापोटी आलेले नाही. १९८६ मध्ये जपानमधल्या घराघरांत फॅमिकॉम होता, पण त्यावर रोल-प्लेइंग गेम खेळलेली मुले जवळजवळ नव्हतीच. ‘विझर्डरी’ आणि ‘अल्टिमा’ हे या प्रकारचे अमेरिकी खेळ महागड्या संगणकांवर चालत, आणि ते खेळायला चिकाटी लागे, कागद-पेन्सिल घेऊन नकाशे काढावे लागत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कर्ते युजी होरी यांना हे खेळ मनापासून आवडत. ते पेशाने लेखक. ‘शोनेन जम्प’ या मुलांच्या साप्ताहिकात लिहीत. एनिक्सने प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा भरवली, तीत ते आणि कोइची नाकामुरा हा शाळकरी मुलगा असे दोघेही बक्षीसपात्र ठरले. पुढे नाकामुरांच्या चुनसॉफ्टने ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा प्रोग्रॅम लिहिला. होरींनी आधी ‘पोर्टोपिया’ या खुनाच्या तपासाच्या खेळातून बोला, पाहा, घ्या अशा आज्ञांच्या यादीतून गोष्ट पुढे नेण्याची पद्धत मुलांच्या अंगवळणी पाडली. मग तिच्या जोरावर, ज्यांनी असा खेळ कधी पाहिलाही नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला.

या मालिकेचा प्रत्येक पुढचा भाग आधीचा खेळून आलेल्यांसाठी होता. खेळणारा प्रत्येक जण नवखा आहे असे धरून केलेला भाग एकच, पहिला. म्हणून आजच्या नवख्यासाठीही तोच आहे.

तो शिकवतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. मूळ खेळ सुरू होतो तो राजाच्या दालनात, आणि दालनाचे दार बंद असते. बाहेर पडायचे तर पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, दार उघडायचे, जिना उतरायचा. एवढे करेपर्यंत खेळायला लागणाऱ्या आज्ञा हाताला कळलेल्या असतात आणि कुणी धडा दिला असे वाटतही नाही. किल्ल्याबाहेर पाऊल टाकले की पाण्यापलीकडे आणखी एक किल्ला दिसतो. ज्याच्याशी शेवटी लढायचे आहे त्याचाच तो. मुक्काम पहिल्या मिनिटाला डोळ्यांसमोर, आणि तिथे पोचायचे तर सगळा प्रदेश पालथा घालायचा. वाटेत पूल लागतात. पूल ओलांडला की समोर येणारे प्राणी अंगावर भारी पडू लागतात. कुठपर्यंत जायचे हे सांगणारी पाटी कुठेही नाही, पण दोनदा मार खाल्ला की माणूस पुलाशी थबकून आधी स्वतःकडे पाहतो.

आणि मेल्यावर? त्या काळच्या बहुतेक खेळांत मेलात की सगळे पहिल्यापासून. इथे तुम्ही राजासमोर पुन्हा उभे राहता. निम्मे सोने गेलेले असते, पण मिळवलेला अनुभव तुमच्याजवळच राहतो. चपळ बोटे नसलेल्या मुलालाही थोडा वेळ देऊन पुढे जाता यावे, हा होरींचा आग्रह होता आणि साऱ्या मालिकेचा स्वभाव त्यातून घडला. लढाईत घाई नसते. तुमचा वार, मग त्याचा. पहिला शत्रू स्लाइम, निळा, थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा. होरींनी काढून दिलेल्या चिखलाच्या गोळ्यासारख्या आकृतीला तोरियामांनी हे रूप दिले. ज्याला मारायचे तोच इतका लोभस असल्यावर भीती कसली वाटणार?

हे सगळे ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचे होते. आज फोनवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. जागा वाचवण्यासाठी जपानी काताकाना लिपीतली सगळी अक्षरेही खेळात घेतली नव्हती. घेतलेल्या मोजक्या अक्षरांत बसतील अशीच नावे प्राण्यांना आणि मंत्रांना द्यावी लागली. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती, म्हणून वीस अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ कागदावर उतरवून ठेवायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला आणि एक अक्षर चुकले की सगळी मेहनत पाण्यात. तिसऱ्या भागापासून कार्ट्रिजमध्ये बॅटरी आली तेव्हा ही वही सुटली. या टंचाईमुळे पहिल्या भागात फाफटपसारा उरलाच नाही. एकच वीर, समोर एका वेळी एकच शत्रू, गावकऱ्यांच्या तोंडी एक-दोन वाक्ये. पण त्या वाक्यांतच पुढची वाट असते, म्हणून प्रत्येकाशी बोलावे लागते. फोनवरच्या आवृत्तीत तो आठ-दहा तासांत पुरा होतो. मालिकेतल्या पुढच्या कित्येक भागांत एवढ्या वेळात नुसती प्रस्तावना होते. सातवा भाग २००० मध्ये आला तेव्हा त्यातली पहिली लढाई यायलाच दोन-तीन तास लागत. यंदाच्या फेब्रुवारीत त्याची देखणी नवी आवृत्ती आली आहे. ती जरूर खेळावी, मात्र नंतर.

आता खरा वाद. पहिले तीन भाग रोटो या वीराच्या वंशाची एकच कथा सांगतात. त्यातला तिसरा काळाच्या हिशेबाने सर्वांत आधी घडतो. म्हणूनच कंपनीने या तिघांची नवी, उजळलेली आवृत्ती काढताना क्रम फिरवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसरा आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिला आणि दुसरा एकत्र. घटनांच्या क्रमाने खेळा, असा त्याचा सरळ अर्थ. आम्हाला हे पटत नाही.

१० फेब्रुवारी १९८८ ला तिसरा भाग आला, तो बुधवार होता. दुकानांबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या, मुलांनी शाळा बुडवल्या, वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. त्यानंतर कामाच्या दिवशी हा खेळ विकायला सरकारने कायद्याने बंदी घातली अशी कथा जगभर सांगितली जाते. असा कायदा झालेला नाही. कंपनीने आपण होऊन पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी आणले. चौथा ११ फेब्रुवारी १९९० ला, रविवारी आला. तर त्या रांगांतल्या मुलांनी आधीचे दोन भाग खेळलेले होते. रोटो हे त्यांच्यासाठी पुराणातले नाव होते, ज्याचे चिलखत आणि तलवार धुंडाळत ते हिंडले होते. तिसरा भाग त्यांनी निराळी कथा म्हणून हाती घेतला. तो संपता संपता आपण इतका वेळ काय खेळत होतो हे त्यांना उमगले. तो क्षण ज्या क्रमाने रचला त्याच क्रमाने लाभतो. आधी तिसरा खेळलात तर माहिती तीच मिळते, पण पहिला भाग त्याची पुरवणी होऊन बसतो.

मराठी वाचकाला हे फोड करून सांगायची गरज नाही. महाभारत जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितले जाते, तेव्हा युद्ध होऊन पिढ्या लोटलेल्या असतात. ऐकणारा राजा त्या युद्धातून वाचलेल्या वंशाचा आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते आणि तरीही आपण मागे, आणखी मागे जात ऐकतो. तारीखवार मांडून ते जास्त समजेल असे कुणाला वाटले नाही.

अकरावा सांगणाऱ्यांनाही हेच उत्तर. २०१७ चा तो भाग उत्तम आहे. प्रेमाने, सावकाश, सगळी हातोटी पणाला लावून केलेला. पण तीस वर्षांच्या वाटचालीकडे वळून पाहत तो रचलेला आहे. त्याच्या अखेरीला जे येते ते पहिले तीन भाग खेळलेल्याच्या डोळ्यांत पाणी आणते आणि न खेळलेल्याला छान चित्र वाटते.

लोक जो भाग सुचवतात तो बहुधा त्यांना स्वतःला पहिल्यांदा मिळालेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत पहिला भाग १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने गेला. पाचवा जपानमध्ये सप्टेंबर १९९२ मध्ये आला आणि इंग्रजीत यायला २००९ उजाडले. सहाव्याला २०११. युरोपात तर मालिकेचे दार उघडले ते आठव्या भागाने. आपण जे सल्ले इंग्रजीतून वाचतो ते या अर्धवट पोचलेल्या मालिकेवर पोसलेल्यांचे आहेत. त्यांच्या आठवणी खऱ्या आहेत. मात्र आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कार्ट्रिजवर मारिओ आणि काँट्रा होते, हा वाचत-वाचत खेळायचा प्रकार नव्हता. मराठी मुलाची पाटी या बाबतीत कोरी आहे. तेव्हा त्याने दुसऱ्याच्या दाराने का शिरावे?

पाचव्या भागाबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. आयुष्यात या मालिकेतला एकच खेळ खेळणार असाल, तर आमचे सगळे म्हणणे बाजूला ठेवून पाचवा खेळा. बापाचे बोट धरून फिरणारे पोर मोठे होते, फार सोसते, लग्न करते, बाप होते. ज्या वीराची जग वाट पाहते तो आपण नाही, हे त्याला कळते आणि तरी तो चालत राहतो. एका माणसाचे जवळजवळ सारे आयुष्य तुमच्या हातून जाते. लग्न कुणाशी करायचे हे खेळाडूने ठरवायचे असते, आणि त्यावर जपानमध्ये आजही घराघरांत वाद होतात. व्हिडिओ गेममध्ये वडील-मुलाचे नाते इतक्या खोलवर फार थोड्यांनी नेले आहे.

पहिल्यापासून निघणाऱ्यांना दोन व्यावहारिक सूचना. गेल्या वर्षीच्या नव्या आवृत्तीतला पहिला भाग दिसायला सुरेख आहे, पण तो बराच वाढवलेला आहे. एकट्या वीरासमोर शत्रूंचे घोळके येतात आणि नवख्याची दमछाक होते. त्याऐवजी फोनवरची साधी आवृत्ती घ्यावी. तिची इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची आहे, पहिल्या अर्ध्या तासात ती अडते, पण वाक्ये थोडकी असल्याने लवकर सवय होते. दुसरे म्हणजे, वाट दाखवणारे व्हिडिओ लावू नका. गावात पोचलात की प्रत्येकाशी बोला, विहिरीजवळच्या म्हातारीशीही. अडलात तर पुन्हा बोला. कोणी काय सांगितले ते कागदावर टिपून ठेवा.

पहिला झाला की दुसरा, मग तिसरा. आणि तिसरा संपेपर्यंत त्याच्याविषयी काहीही वाचू नका. त्यानंतर पाचवा. तिथून पुढे कोणता भाग घ्यायचा हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.