तपासणी तीच, खर्च मात्र दुसऱ्यांदा

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या भागांतून उपचारांसाठी बंगळूरची वाट धरणाऱ्या घरांना होसूर रस्त्यावरची निमहान्स, तिच्या शेजारची किदवाई कर्करोग संस्था, बन्नेरघट्टा रस्त्यावरची जयदेव हृदयरोग संस्था ही नावे परिचयाची असतात. रुग्णाला घेऊन निघताना कपड्यांच्या बॅगेबरोबर आणखी एक पिशवी भरली जाते. एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या फिल्म्सची.

मोठ्या शहरात पोहोचल्यावर पिशवी उघडली जाते आणि कधी कधी डॉक्टर सांगतात, "स्कॅन पुन्हा करावा लागेल." घरच्यांच्या मनात लगेच शंका येते. ती दर वेळी रास्त असतेच असे नाही. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो प्रतिमा निघतात, फिल्मवर त्यांतल्या निवडकच छापता येतात. नेमका हवा तो भाग त्यांत नसेल किंवा दरम्यान आजार वाढला असेल, तर नवी तपासणी गरजेचीच ठरते. परंतु आधीची तपासणी नव्या डॉक्टरांपर्यंत पोहोचलीच नाही, एवढ्याच कारणाने ती पुन्हा होत असेल, तर ते टाळता येण्याजोगे आहे.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. एमआरआय आणि सोनोग्राफीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मात्र वापरले जातात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये शरीराला मिळणारी किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेच्या सुमारे शंभरपट असू शकते. एका स्कॅनचा धोका अगदी थोडा असतो आणि गरज असेल तेव्हा त्याला मुळीच भिऊ नये. पण विनाकारण भर कशाला? लहान मुलांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी.

यावर उपाय म्हणजे संगणकावरची आरोग्यनोंद. जुने अहवाल आणि प्रतिमा डॉक्टरांना तेथल्या तेथे दिसल्या, तर तीच तपासणी पुन्हा लिहून देण्याची वेळ कमी येते. संगणक आणखी एक काम करतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्कॅनची मागणी संगणकावर नोंदवताना डॉक्टरांना कारण द्यावे लागे आणि ही तपासणी कितपत योग्य आहे, हे संगणक गुण देऊन सांगे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तेथील बाह्यरुग्णांच्या सीटी स्कॅनची संख्या वाढण्याचा वेग यानंतर स्पष्टपणे मंदावला. निर्णय अखेर डॉक्टरांचाच होता; संगणकाने फक्त क्षणभर थांबून विचार करायला लावले.

आपल्या देशात आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यात मिळणाऱ्या १४ आकडी 'आभा' क्रमांकाशी वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी जोडता येतात आणि रुग्णाच्या संमतीने त्या दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. पण रुग्णालय या व्यवस्थेत सामील नसेल, तर नुसत्या क्रमांकाचा उपयोग नाही. साऱ्या जगाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या बंगळुरातही रुग्णाच्या हाती ती पिशवी म्हणूनच दिसते.

तोवर घरच्यांनीच थोडी दक्षता घ्यावी. स्कॅन झाल्यावर फिल्म आणि अहवालावर समाधान न मानता सर्व प्रतिमांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावी. रुग्णालयातील कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. तपासण्यांची तारीखवार यादी वहीत ठेवावी.

आणि स्कॅनसाठी स्वतः हट्ट धरू नये. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते. पायांतली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा मोठा मार अशी लक्षणे नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत सहसा स्कॅनची गरज नसते. डॉक्टरांना नम्रपणे एवढेच विचारावे, "या तपासणीने उपचारात काय बदल होईल?" असे विचारणे हा अविश्वास नव्हे. चांगले डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतात.