कुलूप, कडी आणि कॅमेरा

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका बंद घराचं कुलूप फुटलं. मंडळी आठ दिवस लग्नाला गेलेली. चोरांनी काय नेलं ते कळलं, पण कधी नेलं हे काही कुणाला सांगता येईना. त्या संध्याकाळी आम्ही साऱ्याजणी ओट्यावर जमलो आणि जी ती आपापल्या घराचा विचार करू लागली.

माझ्यापुढे प्रश्न होता दुपारचा. मी अकराला शाळेत जाते ती तीनला परतते. हे ऑफिसात, मुलगी शाळेत. घरी सासूबाई एकट्या. वय पंचाहत्तर, गुडघे दुखरे आणि बेल वाजली की साखळी न लावता दार सताड उघडायची जुनी सवय. तेव्हा कॅमेरा बसवायचा असं ठरलं. चार कॅमेरे, रेकॉर्डर, भिंतीतून वायरी असा बेत एका दुकानदाराने सांगितला आणि आकडा ऐकून मी हातातला चहा खालीच ठेवला! मग कळलं की घरात वायफाय असेल तर दीड-दोन हजारांचा एक कॅमेराही आपलं काम करतो आणि त्याचं चित्र कुठूनही मोबाइलवर दिसतं. या खटाटोपात जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून सांगते.

खरेदी करताना दाराबाहेर लावायचा की घरात, हे आधी ठरवा. बाहेरचा हवा असेल तर खोक्यावर ‘आयपी ६५’ किंवा त्याहून मोठा आकडा आहे ना, ते पाहा. म्हणजे पावसाची काळजी नको. बहुतेक स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, तेव्हा आपल्या राउटरवर ते चालू हवं. इंटरनेटला जोडायच्या कॅमेऱ्यांची सुरक्षिततेची चाचणी सरकारने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली आहे. म्हणून बिनबिलाचा, बिननावाचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

जोडणी म्हणाल तर स्वयंपाकाचा नवा कुकर समजून घेण्याइतकीच अवघड! कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप मोबाइलवर घ्यायचं, खातं उघडायचं, वायफायचा पासवर्ड घालायचा. काही कॅमेऱ्यांना मोबाइलवर उमटलेला चौकोनी क्यूआर कोड दाखवावा लागतो. हे सारं राउटरजवळ बसून करावं आणि मगच कॅमेरा जागेवर न्यावा. भिंतीला भोक पाडण्याची घाई मात्र करू नका. दोन दिवस चिकटपट्टीने तात्पुरता लावून दिवसा-रात्री चित्र कसं येतं ते बघा. सात-आठ फूट उंची पुरते. समोरून ऊन आलं तर माणसाचा चेहरा काळा दिसतो. खिडकीच्या काचेआडून लावलात तर रात्री कॅमेऱ्याचाच प्रकाश काचेवर उलटतो आणि पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. मी हे करून चुकले आहे, बरं का! रोख आपल्याच दारावर ठेवा, शेजारणीच्या दारात आणि खिडकीत नको.

शेवटी एक परीक्षा घ्यायची. मोबाइलचं वायफाय बंद करून नुसत्या डेटावर चित्र दिसतं का ते बघायचं. दिसलं तर गावाहूनही दिसेल. दहा मिनिटं पाहिलंत तर साधारण ७५ ते १५० एमबी डेटा खर्च होतो, म्हणून उगाच तासन्‌तास बघत बसू नये. वीज गेली की कॅमेरा आंधळा, तेव्हा तो आणि राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आम्ही आधी एकटा कॅमेराच घेतला होता!

चित्र साठवायला आत छोटं कार्ड बसतं. सतत चालू ठेवलं तर ६४ जीबीचं कार्ड ३ ते ५ दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. फक्त हालचाल झाली तरच टिपायची सोय असते, ती लावली की बरेच दिवस पुरतं. काही घडलंच तर ते चित्र लगेच मोबाइलवर उतरवून घ्यावं.

आता सर्वांत महत्त्वाचं, पासवर्ड. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेलाच नव्हता. तेव्हा पहिल्याच दिवशी तो बदला. मुलांची नावं, जन्मतारखा नकोत. मोबाइलवर क्रमांक येऊनच खातं उघडेल अशी दुहेरी पडताळणी लावा. अ‍ॅप ‘अपडेट’ मागेल तेव्हा करून टाका. नणंदेला, दिराला चित्र दाखवायचं असेल तर अ‍ॅपमधल्या ‘शेअर’ सोयीने दाखवा, आपला पासवर्ड वाटू नका.

हे सारं मी मन लावून केलं. चुकले ते दुसरीकडेच.

आमचा कॅमेरा मी बैठकीच्या खोलीत लावला होता, दार आणि झोपाळा दोन्ही दिसतील असा. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सहज उघडून पाहिलं, तर सासूबाई झोपाळ्यावर ताट घेऊन जेवत होत्या. संध्याकाळी मी हसत हसत म्हटलं, “आई, आज लोणचं दोनदा घेतलंत हं! ब्लडप्रेशर आहे ना तुम्हांला?” त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तो झोपाळा रिकामा. तिसऱ्या दिवशीही. घाबरून फोन केला, तर त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनिशी, सारी दुपार!

“अगं, पन्नास वर्षं या घरात वावरले. आता पदर सरकला तरी कुणी बघतंय असं वाटतं,” एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरासाठी आणलेली वस्तू मी घरच्या माणसावर रोखली होती, आणि तीही त्यांना न विचारता.

त्याच रविवारी यांनी कॅमेरा काढून दाराबाहेर, पायऱ्या दिसतील असा लावला. जुन्या मोबाइलवर ते अ‍ॅप घालून तो सासूबाईंच्या हाती दिला. आता बेल वाजली की त्या आधी कोण आहे ते बघतात, ओळखीचं असेल तरच उठतात. मी एक वाजता फोन करते. त्या काय जेवल्या ते स्वतःच सांगतात, लोणच्यासकट!

भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही कॅमेरा कुठे आहे ते दाखवून ठेवलं. तुम्हीही घरातल्या, कामाच्या प्रत्येक माणसाला सांगा. निजायच्या, कपडे बदलायच्या जागी तर तो कधीच नको.

आणि कॅमेरा म्हणजे कुलूप नव्हे, हेही लक्षात असू द्या. दाराला भक्कम कडी आणि साखळी हवीच. गावाहून चोर दिसला तरी धावून जायला जवळचंच माणूस लागतं. म्हणून दोन शेजाऱ्यांचे नंबर आणि पोलिसांचा ११२ हाताशी ठेवा. शेजारणीशी चार शब्द बोलून गावाला गेलेलं बरं.

तुम्ही घराच्या राखणीची काय सोय केली आहे? जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात बोलू या, पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यं कशी भरून ठेवावीत त्याविषयी.