स्वप्नातली गाडी आणि सार्वजनिक तिजोरी

समाजवादी माणसाने सुखोपभोगाकडे पाठ फिरवली पाहिजे, असा एक समज आपल्या विरोधकांत आहे आणि दुर्दैवाने तो आपल्या काही कार्यकर्त्यांतही रुजलेला आहे. स्पोर्ट्‌स कारचा विषय निघाला की हा समज विशेष उफाळून येतो. 'धनिकांचे चाळे' एवढे दोन शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. मला ही भूमिका अपुरी वाटते. तिच्यामुळे दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, असली गाडी चालवण्यात मिळणारा आनंद. आणि दोन, त्या आनंदाची किंमत कोण भरतो हा प्रश्न. पहिल्या गोष्टीचा आकस धरण्याचे काहीच कारण नाही. दुसरा प्रश्न मात्र अत्यंत कठोरपणे विचारला गेला पाहिजे.

प्रथम आनंदाविषयी. हा आनंद केवळ वेगाचा असतो, ही एक मोठी गैरसमजूत आहे. त्याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे १९५८ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आलेली 'ऑस्टिन-हीली स्प्राइट' ही गाडी. तिचे इंजिन ९४८ घनसेंटिमीटरचे, शक्ती ४३ अश्वबळांची आणि कमाल वेग ताशी जेमतेम १३० किलोमीटर. गाडीला बाहेरून उघडणारी डिकी नव्हती, दरवाजांना बाहेरची मूठ नव्हती, काचा वरखाली करण्याची सोय नव्हती. बॉनेटवर बसवलेल्या दोन बटबटीत दिव्यांमुळे लोकांनी तिला 'बेडूकडोळी' असे नाव ठेवले. तरीही तीन वर्षांत अशा सुमारे ४९ हजार गाड्या खपल्या. जमिनीलगतचे आसन, डोक्यावर उघडे आकाश आणि स्टिअरिंगला किंचित स्पर्श करताच वळणारी हलकी गाडी, एवढ्या भांडवलावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगातही उड्डाण केल्याचा अनुभव येतो. आपल्या हातांनी यंत्र चालवण्याचे हे सुख कारागिराच्या सुखाशी नाते सांगणारे आहे. ते तुच्छ मानण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता त्या सुखाच्या किमतीचा विचार करू. बेडूकडोळीची किंमत करासह सुमारे ६७० पौंड होती. एवढी कमी किंमत शक्य झाली, याचे कारण अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तिचे इंजिन ऑस्टिनच्या साध्या कौटुंबिक गाडीचे होते आणि स्टिअरिंगची यंत्रणा मॉरिस मायनरची होती. अर्थात, हजारो सामान्य कुटुंबांसाठी जे भाग मोठ्या प्रमाणावर बनतच होते, त्यांच्यावरच हे स्वप्न उभे करण्यात आले होते. ही कल्पनाही त्यापूर्वीची. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस'चे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२८ साली 'एम. जी. मिजेट' ही छोटी स्पोर्ट्‌स कार लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात मांडली. मॉरिस मायनरचाच सांगाडा, ८४७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि किंमत १७५ पौंड. तोवर अशा गाड्या सरदार-जहागीरदारांच्या आणि कारखानदारांच्या दारातच दिसत. मिजेटने ती मक्तेदारी मोडली. कारकून, शिक्षक, कुशल कामगार यांनीही दोन-चार वर्षे पैसे साठवून, किंवा निदान जुनी विकत घेऊन, आपले पहिले स्वप्न पुरे करावे, ही शक्यता निर्माण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. १९४२ च्या शिष्टाईमुळे आपल्याला परिचित असलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स त्या सरकारात आधी व्यापारमंत्री व पुढे अर्थमंत्री होते. पोलाद टंचाईचे होते. जो कारखाना निर्यात करून परकीय चलन आणील त्यालाच ते मिळेल, असे धोरण सरकारने आखले. अॅबिंग्डन येथील एम. जी. चा कारखाना या धोरणामुळे परदेशांकडे वळला. 'टी. सी.' या गाडीच्या सुमारे १० हजार प्रती निघाल्या, त्यांपैकी सुमारे २ हजार अमेरिकेत गेल्या. एका चैनीच्या वस्तूला समाजाच्या गरजेशी जोडून घेण्याचे हे उदाहरण आपण लक्षात ठेवावे. चैनीवर बंदी घालण्यात आली नव्हती. चैनीने समाजाला काय द्यावे हे मात्र ठरवण्यात आले होते.

याच कारखान्यातून १९६२ पासून 'एम. जी. बी.' ही गाडी निघू लागली आणि तिचे सर्व प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पुढे पौंड वधारला. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे तोटा होतो, असे व्यवस्थापनाने सांगितले. १९७५ पासून सरकारी मालकीच्या असलेल्या ब्रिटिश लेलँडने १९७९ साली हा कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये त्याला टाळे लागले. सरकारी मालकी म्हणजे आपोआप कामगारांचे संरक्षण नव्हे, हा धडाही अॅबिंग्डनने दिला आहे. तिथे रिकामी झालेली जागा १९८९ साली जपानच्या माझ्दा कंपनीने 'एम. एक्स. ५' ही हलकी, दोन आसनांची गाडी आणून भरून काढली. २०१६ साली त्या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. माफक शक्तीची, माफक किमतीची स्पोर्ट्‌स कार हे भाबडे स्वप्न नव्हते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता आपल्याकडे वळू. एम. जी. हे नाव हात बदलत चिनी कंपनीकडे गेले आणि २०१९ पासून त्या नावाच्या मोटारी भारतात विकल्या जात आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये 'सायबरस्टर' ही तिची विजेवर चालणारी, छत उघडणारी स्पोर्ट्‌स कार सुमारे ७५ लाख रुपयांना भारतात विक्रीस आली. तिची शक्ती ५०० अश्वबळांहून अधिक, वजन सुमारे दोन टन. नाव तेच राहिले. किंबर यांची कल्पना मात्र शिल्लक उरली नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. ही गाडी थांबलेल्या स्थितीतून साडेतीन सेकंदांच्या आत तो वेग गाठते. त्यानंतर उरलेल्या शक्तीचे कायद्याच्या चौकटीत काय करायचे, हा प्रश्न खरेदीदाराने स्वतःला विचारावा.

चांगल्या पगारावर असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशा गाडीबद्दल माझा सल्ला विचारला. मी त्याला नीतीचा पाठ दिला नाही. कागद-पेन्सिल घ्यायला सांगितले. १५ लाख हातचे घालून ६० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे ९६ हजार ५०० रुपयांचा हप्ता बसतो आणि सात वर्षांत सुमारे २१ लाख रुपये व्याजाचे जातात. विमा, रुंद टायर आणि घसारा हे खर्च निराळे. दोनच आसने, म्हणजे आईवडिलांना गावी न्यायला दुसरी गाडी हवीच. जमिनीलगतचा तळ आपल्याकडच्या गतिरोधकांवर घासणार. आणि कोकणात पावसाचे चार महिने छत उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा हिशेब करूनही ज्याला घ्यावीशी वाटेल त्याने ती खुशाल घ्यावी. त्याच्या घामाचा पैसा त्याने पुस्तकांवर घालवावा की गाडीवर, हे ठरवणे समाजवादाचे काम नाही.

परंतु खर्च केवळ त्याच्याच खिशातून होतो काय? इथे मुख्य मुद्दा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार मोठ्या पेट्रोल मोटारींवर ४० टक्के, लहान पेट्रोल मोटारींवर १८ टक्के आणि साध्या पेट्रोल स्कूटरवरही १८ टक्के कर आहे. विजेवरच्या मोटारीवर, मग ती ८ लाखांची असो की ७५ लाखांची, ५ टक्के. सायकलीवरचा करही ५ टक्केच आहे. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल आणि धनिकाची ५०० अश्वबळांची गाडी सरकारने एकाच पायरीवर बसवली आहेत, आणि कचेरीतल्या शिपायाची स्कूटर त्यांच्याहून वरच्या पायरीवर!

हा फरक रुपयांत पाहू. शोरूममधील ७५ लाखांच्या किमतीत ५ टक्के दराने सुमारे साडेतीन लाखांचा कर येतो. त्याच मूळ किमतीवर ४० टक्के कर लावला असता, तर तो साडेअठ्ठावीस लाख झाला असता. एका गाडीमागे २५ लाख रुपयांची सवलत. परदेशातून आलेल्या गाडीवर सीमाशुल्क आकारले जाते हे खरे. परंतु ते आयात केलेल्या पेट्रोल गाडीलाही चुकत नाही, तेव्हा या सवलतीचे ते समर्थन होऊ शकत नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेवरील मोटारींना ६ टक्के वाहन कर लावण्याचा प्रस्ताव मांडला होता. ७५ लाखांच्या गाडीवर तो साडेचार लाख झाला असता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे विधान परिषदेत जाहीर केले. पुढे त्याच वर्षीच्या विद्युत वाहन धोरणात अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे अशा मोटारींना पथकर माफ करण्यात आला. कर्ज काढून जुनी पेट्रोल गाडी घेतलेला शिक्षक अटल सेतूवर पैसे मोजतो आणि त्याच्या शेजारून सायबरस्टर फुकट जाते.

या माफीचा आणखी एक पैलू पुण्याने पाहिला आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे कंपनीच्या विजेवरच्या स्पोर्ट्‌स कारने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन होता. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला मिळालेल्या जामिनाने महाराष्ट्र संतापला. त्या गदारोळात एक बारीक तपशील मागे पडला. गाडीची कायमस्वरूपी नोंदणी झालेलीच नव्हती. विजेवरची असल्यामुळे तिला वाहन कर माफ होता. भरायचे राहिले होते ते अवघे १,७५८ रुपयांचे शुल्क, असे परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. ज्या रस्त्यावर दोन तरुण जीव गेले, त्या रस्त्यासाठी वाहन कराच्या रूपाने त्या गाडीकडून समाजाने काहीच मागितले नव्हते. आणि जे किरकोळ शुल्क मागितले होते, तेही भरण्याची निकड तिच्या मालकांना वाटली नव्हती.

या सवलती पर्यावरणासाठी आहेत, असे उत्तर दिले जाईल. त्याची तपासणी करू. सायबरस्टरची बॅटरी ७७ किलोवॅट-तासांची आहे. साध्या विजेवरच्या स्कूटरला सुमारे ३ किलोवॅट-तासांची बॅटरी पुरते. म्हणजे एका हौशी गाडीच्या बॅटरीत अशा २५ स्कूटर धावू शकतात. त्या स्कूटर रोज कामावर जातील. ही गाडी बहुधा रविवारी लोणावळ्याला जाईल. हवा शुद्ध व्हावी म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करायचा, तर तो कुठे घातल्याने अधिक पेट्रोल वाचेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या 'पी. एम. ई-ड्राइव्ह' योजनेत स्कूटर, रिक्षा आणि बस यांना अनुदान ठेवण्यात आले, खासगी मोटारींना नाही. तत्त्व सरकारलाही मान्य आहे. अनुदानात पाळलेले ते तत्त्व करात का सोडले, याचा खुलासा झाला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे आहे. स्पोर्ट्‌स कार पाहून नाक मुरडू नका. तरुण आपल्यापासून दूर जातील, आणि ते योग्यच करतील. त्याऐवजी नेमक्या तीन मागण्या लावून धरा. ३० लाखांवरच्या विजेवरील मोटारींना मोठ्या पेट्रोल मोटारींइतकाच वस्तू व सेवा कर लागू करावा. मागे घेतलेला ६ टक्के वाहन कर पुन्हा आणावा आणि त्या किमतीच्या गाड्यांची पथकरमाफी रद्द करावी. यातून येणारा पैसा राज्य परिवहनाच्या विजेवरील बसगाड्यांसाठी राखून ठेवावा. यांपैकी एकाही मागणीने कोणाचे स्वप्न मोडत नाही. ज्याचे स्वप्न ७५ लाखांचे आहे त्याने त्याची पूर्ण किंमत द्यावी, आणि बसथांब्यावर तासभर उभ्या असलेल्या माणसाला त्या स्वप्नाची वर्गणी द्यावी लागू नये, एवढेच आपले म्हणणे आहे.